‘व्होल्ट कुठले धरलेस?’

आयटीआयमधून वायरमनचं सर्टिफिकेट घेऊन मी भिवंडीत एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो, तेव्हा तीन सूत्रं मला तोंडपाठ होती. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, म्हणजे रोध. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॉट, म्हणजे शक्ती. अँपिअरचा वर्ग करून त्याला ओहमने गुणलं तरी तेच वॉट. मिस्त्री सातवीपर्यंत शिकलेले. मी कुठलंही उत्तर काढून दाखवलं की ते एकच विचारायचे, "व्होल्ट कुठले धरलेस?" मी म्हणायचो, २३०. "ते पुस्तकातले. इथले किती?"

या प्रश्नानेच मला माझं काम शिकवलं. माझं गाव खारबाव. वसई-दिवा रेल्वेमार्गावरचं. खाडीच्या बाजूला खाजणाची जमीन, अंजूरफाटा-चिंचोटी रस्त्याच्या कडेला गोदामं आणि थोडं पुढे गेलं की भिवंडीचे यंत्रमाग. शेतातला पंप, गोदामातला दिवा आणि कारखान्यातली लूम, तिन्हींकडे काम केलं. त्यातून वहीत जे उतरलं ते इथे मांडतो.

१. आधी इस्त्रीवर हात बसवा

हिशोब शिकायचा तर इस्त्रीवर शिकावा. हजार वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर लावली की ती ४.३५ अँपिअर घेते. २३० ला ४.३५ ने भागा, ५३ ओहमच्या जवळ येतं. आता पिन बोर्डातून काढा, इस्त्री गार होऊ द्या आणि पिनच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा. पुन्हा ५३ च्या जवळपासच आकडा येतो, कारण इस्त्रीची तार नायक्रोमची असते आणि तापल्यावर तिचा रोध फारसा बदलत नाही. कागदावरचा आणि मीटरवरचा आकडा जुळला की शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बघण्यासारखं असतं.

दुरुस्तीतही याचा फार उपयोग आहे. पाणी तापवायच्या दीड हजार वॉटच्या रॉडचा रोध ३५ ओहमच्या आसपास हवा. तो ५३ दाखवत असेल, तर वरचं लेबल काहीही म्हणो, आतलं एलिमेंट हजार वॉटचं आहे.

२. गार बल्बच्या रोधावर वॉट काढू नयेत

पहिल्याच महिन्यात मिस्त्रींनी माझ्या हातात १०० वॉटचा पिवळा बल्ब ठेवला. म्हणाले, "मोज." मीटरने ४० ओहम दाखवले. मी लगेच कागद घेतला. २३० चा वर्ग ५२,९००, भागिले ४०, म्हणजे १,३२२ वॉट. बल्बवर १०० छापलेलं. मला वाटलं, मीटर बिघडला.

मीटर ठीक होता. बल्बची तार टंगस्टनची. पेटल्यावर ती अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि तिचा रोध बारा-तेरा पट वाढतो. पेटलेल्या बल्बमधून ०.४३५ अँपिअर जातात. २३० ला त्याने भागलं की ५२९ ओहम. मी मोजला तो गार बल्बचा रोध आणि लावले ते पेटलेल्या बल्बचे व्होल्ट. दोन वेगवेगळ्या अवस्थांचे आकडे एका भागाकारात घातले, म्हणून उत्तर बिघडलं. बटण दाबताक्षणी क्षणभर मोठा प्रवाह जातो तोही यामुळेच, आणि जुना बल्ब बहुधा बटण दाबतानाच का उडतो हेही त्यात आलं.

शाळेच्या पुस्तकात ओहमच्या नियमाआधी एक अट असते, वाहकाची भौतिक अवस्था कायम हवी. मुलं ती ओळ घोकतात आणि विसरतात. खुद्द गेओर्ग ओहमला ती अट पाळायला किती खटपट करावी लागली, हे कळल्यावर मला त्या ओळीबद्दल आदर वाटू लागला. कुलपं बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवायचा. व्होल्टाची बॅटरी वापरताना तिचा दाब सारखा उतरायचा, त्यामुळे मोजमापं जुळेनात. मग त्याने दोन धातूंचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवलं, आणि त्यातून स्थिर दाब मिळवला. १८२७ साली पुस्तक छापलं, तेव्हा त्याच्या देशात फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक १८४१ मध्ये मिळालं. व्होल्ट कुठले धरायचे, हा त्याचाही प्रश्न होता.

३. वायरीचा रोध काढायला ओहमचा मीटर लागत नाही

या कामाचा हिशोब मी अजून तसाच सांगतो. आमच्याकडे भातानंतर वाल, भेंडी, काकडी करतात. आमच्या शेजारच्या एका काकांनी विहिरीवर एक हॉर्सपॉवरचा सिंगल फेज पंप बसवला. घराच्या बोर्डापासून विहीर दीडशे मीटर. मला बोलावलं तेव्हा म्हणाले, "दादूस, मोटर गुरगुरते, पन फिरत नाय. दोनदा वाइंडिंग भरून आणली."

मी बोर्डावर मोजलं, २१५ व्होल्ट. वाईट नव्हते. विहिरीवर मोटर न लावता मोजलं, तिथेही २१५. म्हणजे वायर तुटलेली नाही. काका म्हणाले, मग मोटरच खराब. इथेच बहुतेक जण फसतात, मीही आधी फसलेलो आहे. प्रवाह वाहत नसताना वायरीच्या दोन्ही टोकांना व्होल्ट सारखेच दिसतात, वायर कितीही बारीक असो. वायर काय खाते ते तिच्यातून अँपिअर जायला लागले की कळतं.

मी मोटर सोडवली. बादलीत पाणी भरून त्यात दीड हजार वॉटचा रॉड बुडवला, विहिरीवरच्या टोकाला जोडला आणि मगच बटण दाबायला सांगितलं. टाँग टेस्टरने साडेपाच अँपिअर दाखवले. बोर्डावर २१५ च होते, विहिरीवर १९५ झाले. मधले २० व्होल्ट वायरीत गेले. २० ला ५.५ ने भागा, ३.६ ओहम. जाण्याचे दीडशे आणि येण्याचे दीडशे अशा तीनशे मीटर वायरीचा हा रोध. तांब्याच्या दीड एमएम वायरीचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम असतो. तीनशे मीटरचा ३.६३. वायर उकरून बघायची गरजच उरली नाही, जमिनीत दीड एमएम पुरलेली होती.

मोटरऐवजी रॉड का लावला, ते सहाव्या मुद्द्यात येईल.

आता मोटर का फिरत नव्हती ते बघा. चालू मोटर सात अँपिअर घेते, पण उठताना त्याच्या चार-पाच पट ओढते. तेवढा प्रवाह ३.६ ओहममधून जायचा, म्हणजे वायरच अर्ध्याच्या जवळ व्होल्ट खाणार. उठतानाचे व्होल्ट मी विहिरीवर मोजले, १४० च्या आसपास. मोटरचा जोर व्होल्टच्या वर्गाने कमी होतो, त्यामुळे तिला मिळत होता एक तृतीयांशाहून थोडाच जास्त जोर. मोटरचा काही दोष नव्हता. तिची वाइंडिंग दोनदा भरली गेली, ते पैसे वाया गेले.

काकांना वायर बदलायला पटवणं हिशोबापेक्षा अवघड होतं. चार एमएम वायर महाग. मग मी दुसरा आकडा सांगितला. सात अँपिअरचा वर्ग ४९, गुणिले ३.६, म्हणजे पंप चालतो तोवर १७५ वॉटच्या वर वीज नुसती माती तापवण्यात जाते आणि तिचंही बिल येतं. चार एमएमला हाच आकडा ७० च्या आत. काकांनी भेंडीच्या हंगामाआधी वायर बदलली, पंप पहिल्या बटणाला उठला.

४. व्होल्ट उतरले की वॉट किती उतरतात, हे अंदाजाने सांगू नये

२३० चे १८० झाले की लोक म्हणतात, वीस-बावीस टक्के कमी. हीटरच्या बाबतीत ते खोटं आहे. रोध तोच राहतो, त्यामुळे वॉट व्होल्टच्या वर्गाने उतरतात. हजार वॉटची शेगडी १८० व्होल्टवर ६१० वॉटची होते. चहाला वेळ लागतो तो त्यामुळे. पण पंखा सोडून, भाराखाली चाललेली मोटर असेल तर उलट होतं. तिला काम तेवढंच ओढायचं असतं, व्होल्ट कमी झाले की ती अँपिअर जास्त घेते आणि तापते. एकच व्होल्टेज उतरतं. शेगडी गार पडते आणि मोटर जळते.

५. ढिला जोड म्हणजे न दिसणारी शेगडी

यंत्रमागाच्या एका गाळ्यात मेन स्विचजवळ जळका वास येत होता. मालकाने सांगितलं, फ्यूज शाबूत आहे, सगळ्या लूम चालू आहेत, काही नाही. मी सगळं बंद करून, संशय आला त्या जोडावर मल्टीमीटर ओहमवर लावला. ०.३ दाखवलं. नुसत्या दोन पिना एकमेकींना लावल्या तरी मीटर ०.३ च दाखवत होता. म्हणजे त्या आकड्याला अर्थ नव्हता.

मिस्त्रींची पद्धत आठवली. गाळा चालू केला, हातमोजे घातले, रबराच्या चटईवर उभा राहिलो आणि जोडाच्या अलीकडे-पलीकडे मीटर व्होल्टवर लावला. चांगल्या जोडावर तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. चार व्होल्ट दिसले. टाँग टेस्टरवर ३० अँपिअर. चारला तीसने भागलं की ०.१३ ओहम, मीटरच्या स्वतःच्या पिनांपेक्षाही कमी. आणि चार गुणिले तीस, १२० वॉट. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, तेवढ्यात कथील वितळतं. इथे बोटाच्या पेराएवढ्या जागेत त्याच्या जवळजवळ पाचपट उष्णता रात्रंदिवस निघत होती, आणि वर सुताच्या उडत्या तंतूंचा थर बसलेला होता.

फ्यूज का उडाला नाही? कारण अँपिअर वाढलेच नव्हते. फ्यूज अँपिअर ओळखतो, एका जोडावरचे वॉट ओळखत नाही. ही गोष्ट मी कारखान्यातल्या प्रत्येक माणसाला सांगतो, अगदी विणकराला आणि झाडूवाल्यालाही, कारण वास पहिला त्यांना येतो. लूमच्या सततच्या हादऱ्याने स्क्रू ढिले होतात, खाडीचा दमट वारा टोकांवर गंज चढवतो, ॲल्युमिनियमची वायर पितळेच्या टर्मिनलखाली दबून सैल पडते. वर्षातून दोनदा मेन बंद करून सगळे स्क्रू आवळायला एक सकाळ पुरते.

(चालू जोडावर मोजणं शिकाऊ मुलाने एकट्याने करू नये. माझ्याबरोबर असलेल्या मुलाला मी पहिली दोन वर्षं फक्त आकडे लिहायला देतो.)

६. मोटरचे वॉट नुसत्या गुणाकाराने निघत नाहीत

लूमच्या एक हॉर्सपॉवरच्या थ्री फेज मोटरवर टाँग टेस्टर लावला, १.९ अँपिअर. व्होल्ट ४१५. गुणाकार ७८८. हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, म्हणजे जुळलं, असं मी वहीत लिहिलं होतं. ते जुळणं योगायोगाचं होतं. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या.

थ्री फेजला १.७३२ ने गुणावं लागतं. उत्तर १,३६६ झालं. पण ते वॉट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर. मोटरमध्ये चुंबकत्व उभं करायला लागणारा प्रवाह येतो-जातो, काम करत नाही. त्यामुळे व्होल्ट आणि अँपिअरची पावलं एकत्र पडत नाहीत. त्या मोटरचा पॉवर फॅक्टर ०.७ होता. १,३६६ गुणिले ०.७, साधारण ९५० वॉट. त्यातले ७४६ शाफ्टवर पोचतात, बाकीचे तापण्यात आणि घर्षणात.

विहिरीवर मी मोटर सोडून रॉड लावला तो यासाठी. रॉडमध्ये व्होल्ट आणि अँपिअर बरोबर चालतात, तिथे साधी वजाबाकी आणि साधा भागाकार खरा ठरतो. मोटर लावून तीच वजाबाकी केली असती तर वायरीचा रोध कमी निघाला असता. बंद मोटरच्या वाइंडिंगचा रोध मोजून त्यावरून अँपिअर काढणारेही मी पाहिले आहेत. ते उत्तर कित्येक पट मोठं येतं.

बारा लूमच्या गाळ्यात हा फरक पैशात दिसतो. बारा मोटरी मिळून २३ अँपिअरच्या जवळ घेत होत्या. कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर ०.९५ केला, मेनवर १७ झाले. कामाचे वॉट तेच, पण मेनच्या जोडांवरून जाणारा प्रवाह पाव भागाने उतरला, आणि तापणं तर प्रवाहाच्या वर्गाने उतरतं.

७. खारबावच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून वर बघा

स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी शिकाऊ मुलांना वरची तार दाखवतो. एवढ्या बारीक तारेतून मालगाडी कशी ओढली जाते? वर २५,००० व्होल्ट आहेत. दहा लाख वॉट घ्यायचे तर ४० अँपिअर पुरतात. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टच्या डीसीवर. तेवढ्याच वॉटला तिथे ६६७ अँपिअर लागणार. प्रवाह सोळा-सतरा पट, म्हणजे तेवढ्याच रोधाच्या तारेत वाया जाणारी उष्णता पावणेतीनशे पट. म्हणून जुन्या डीसी मार्गावर तारा जाड आणि सबस्टेशनं जवळजवळ असायची. २०१६ मध्ये हार्बर मार्गही २५,००० वर आला.

टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना दिली, तेव्हा एक लाख व्होल्टच्या आसपासचा दाब ठेवला तो याच हिशोबाने. काकांची विहीर आणि खोपोलीचं वीजघर, दोन्हीकडे शत्रू एकच, अँपिअरचा वर्ग.

८. मल्टीमीटर ठीक म्हणाला, म्हणून पावसाळ्यात मोटर लावू नये

पाण्यात बुडालेली मोटर सुकवली की तिच्या वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध मल्टीमीटरवर बऱ्याचदा चांगला दिसतो. मल्टीमीटर आतल्या छोट्या सेलवर मोजतो. मोटर चालणार ४१५ वर. ५०० व्होल्टचा मेगर लावा. एक मेगओहमच्या खाली आलं तर मोटर पुन्हा सुकवायला ठेवा. पुन्हा तोच प्रश्न, मोजताना व्होल्ट कुठले होते.

९. घरच्या मीटरचा लाल दिवा वॉट सांगतो

माझी पुतणी दहावीत असताना म्हणाली, "काका, आमच्याकडे टाँग टेस्टर नाही, मग वॉट कसे काढू?" मी तिला मीटरजवळ नेलं. मीटरवर ३२०० छापलं होतं, म्हणजे लाल दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद केलं, फक्त मिक्सर चालू ठेवला आणि एक मिनिट मोजलं. ३२ वेळा. मिनिटात शंभरावा भाग युनिट, तासाला ०.६. मिक्सर ६०० वॉट घेत होता. हा आकडा पॉवर फॅक्टर धरूनचा खरा आकडा आहे, वरचा सगळा गुणाकार मीटर आतच करतो. त्या सुट्टीत तिने घरातली प्रत्येक वस्तू मोजून काढली.

१०. अर्थिंग बल्बने तपासू नये

हे मी सगळ्यात शेवटी लिहितो, पण माझ्या मुलाला मी हेच पहिलं शिकवलं.

आमच्याकडे फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॉटचा बल्ब लावतात. पूर्ण पेटला की म्हणतात अर्थिंग चांगलं. अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या तपासणीत घरभरच्या धातूच्या वस्तूंवर करंट येऊ शकतो, हा एक धोका. दुसरा धोका हिशोबातला. समजा अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे, म्हणजे फार वाईट. बल्ब ५२९ ओहमचा. दोन्ही मिळून ५७९. बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो डोळ्यांना पूर्णच दिसतो. आता पंपाच्या बॉडीवर करंट आला. २३० भागिले ५०, ४.६ अँपिअर जमिनीत जातात. १६ अँपिअरचा एमसीबी शांत बसतो. पंपाची बॉडी तशीच जिवंत राहते आणि चिखलात अनवाणी उभा असलेला माणूस हँडलला हात लावतो.

माणसाच्या शरीराचा रोध ओल्या कातडीला हजार ओहमच्या आसपास धरतात. २३० भागिले हजार, म्हणजे २३० मिलिअँपिअर. जीव घ्यायला त्याच्या बराच आतला आकडा पुरतो. म्हणून ३० मिलिअँपिअरला मेन पाडणारा आरसीसीबी लागतो. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस. दोन्ही हवेत.

खारबावमध्ये यात आणखी एक गोष्ट आहे. गावाच्या नावातच खार आहे. खाडीकडच्या खारट, ओल्या मातीत पाइप घातला की पावसाळ्यात अर्थिंगचा रोध झकास येतो. मीठ-कोळसा घालून अडीच मीटरचा जीआय पाइप पुरला की लोक निर्धास्त होतात. पण तेच मीठ पाइप खातं, आणि उन्हाळ्यात वरची माती सुकून तडकते. एका घराचं अर्थिंग मी ऑगस्टमध्ये अर्थ टेस्टरने मोजलं, तेव्हा ३ ओहम आलं होतं. मला समाधान झालं, वहीत लिहिलं आणि विसरलो. काही वर्षांनी त्याच घरातल्या वहिनींना मोरीतल्या वॉशिंग मशीनचा झटका बसला. सुदैवाने त्या लाकडी पाटावर उभ्या होत्या. मी गेलो तो मे महिना होता. मोजलं, २२ ओहम. २३० ला २२ ने भागलं, साडेदहा अँपिअर. १६ चा एमसीबी पडणार नव्हता आणि पडला नव्हता. पाइप उकरला तर जमिनीखाली हातभर अंतरावर गंजून चाळण झाली होती.

तिथे तांब्याचं आवरण असलेला रॉड घातला, मेनला आरसीसीबी बसवला. तेव्हापासून मी अर्थिंग मोजतो ते एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, खड्ड्यात पाणी घालायच्या आधी. वहीत आकड्यासमोर तारीख लिहितो, आणि तारखेपुढे माती कोरडी होती की ओली.